उंचावरची मुळं

“ही घरात वाळवू नकोस, ऋता. लॅबमध्ये ने,” चारुदत्त काका म्हणाले होते. काका बोल्डरच्या मराठी मंडळींचे निवृत्त डॉक्टर. पोहे खायला आले होते आणि खिडकीपाशी कागदावर पसरलेली बोटाएवढी मुळं चष्मा वर करून बघत होते.

“काका, अनया अजून पालथीसुद्धा पडत नाही. ती काय उठून खाणार आहे?” ऋता हसली. लॅबचा ड्रायर बिघडला होता, प्रोफेसर आकड्यांसाठी मागे लागले होते, आणि काकांना मेली सगळ्यातच भीती वाटते.

मुळं बचनागाच्या एका रानटी भावंडाची, कोलोरॅडोच्या डोंगरमाथ्यावरून खणून आणलेली. तिथं दिवसा ऊन भाजून काढतं आणि रात्री भर उन्हाळ्यातही गारठा हाडं फोडतो. एवढ्या जाचात झाड अंग चोरून खुजं राहतं, आणि जे काही जहाल आहे ते मुळात भरून ठेवतं. खालच्या झाडापेक्षा वरचं किती जहाल, हीच ऋताची पीएचडी.

तिच्या सासूबाई, सुलभाताई, नातीसाठी आल्या होत्या. बाळगुटीची पुरचुंडी कस्टमवाल्यांनी विमानतळावरच काढून घेतली. सहाण तेवढी हाती राहिली. रोज हळहळायच्या. एका सकाळी त्या खिडकीपाशी थबकल्या.

“अगं, ही तर आपल्या गुटीतल्या अतिविषासारखी दिसतात.”

“त्याच कुळातली आहेत, आई,” लॅपटॉपवरून मान न उचलता ऋता म्हणाली. “उलट उंचावरची. जास्त स्ट्राँग.”

दुपारी ऋता मीटिंगमध्ये असताना सुलभाताईंनी सहाणेवर दुधात मुळाचा एक वळसा दिला. बोटानं नातीच्या जिभेला लावला. उरलेलं, वाया कशाला म्हणून, स्वतः चाटलं.

अनया आधी ओकली, मग निळी पडायला लागली. आजी आणि नात एकाच वेळी हॉस्पिटलात गेल्या. झाडाचं नाव ऋतानं डॉक्टरांना धडाधड सांगितलं, म्हणून दोघी वाचल्या.

मग बालसंरक्षण ऑफिसातली एक बाई टॅब घेऊन आली. घरात हे विष आलं कुठून?

ऋताला एका क्षणात सगळं दिसलं. लॅब जाईल, व्हिसा जाईल, अनयाला कुणीतरी उचलून नेईल. ती इंग्रजीत म्हणाली, “सासूबाईंनी आणलं. इंडियातून.” तिचा नवरा मिहीर शेजारीच होता. त्यानं बायकोकडे पाहिलं आणि आईचं पांघरूण सारखं केलं. पलंगावर सुलभाताईंना त्यातला ‘इंडिया’ तेवढा कळला. त्यांनी हसून मान डोलावली.

सुलभाताई घरी आल्यावर मिहीर भडकला. “आई, न विचारता दिलंसच कसं?”

“विचारलं होतं रे! हीच म्हणाली, त्याच कुळातली, जास्त स्ट्राँग.”

“आईंना हल्ली आठवत नाही रे नीट,” ऋता अनयाला थोपटत म्हणाली. “हात लावू नका, असं मी बजावलं होतं.”

आजीनं बाळाजवळ राहायचं नाही, असं त्या ऑफिसनं सांगितलं. मिहीरनं आईला टेक्ससमधल्या अर्विंगला पोचवलं, चुलतभाऊ सिद्धेशकडे. सिद्धेशनं गॅसची बटणं काढून ठेवली. “काकू, यार, रिस्क नको,” म्हणाला. त्याच्या बायकोनं, मोनानं, फ्रिजला कुलूप लावायचा जोकही करून झाला.

परवा सुलभाताईंचा फोन आला. “ऋता, खरंच तू तसं म्हणाली नव्हतीस का गं? मला आपलं ऐकल्यासारखं वाटतं.”

“नाही, आई.”

“बरं बाई. मग माझंच डोकं फिरलं असेल.”

आता त्या स्वयंपाकघरात पाय टाकत नाहीत. कुणी ताट वाढून दिलं तर जेवतात, आणि त्या घरी दुपारी कुणी नसतं. ऋता खरं सांगणार नाही. तिला पोर गमवायची नाहीये. तुमच्यापैकी कुणी अर्विंगला असेल, तर एखाद्या दुपारी सिद्धेशचं दार वाजवा. सुलभाताई जेवल्या का, तेवढं बघा. आणि त्यांनी ऐकलं ते बरोबर ऐकलं होतं, एवढं त्यांना सांगा.