चौदावी शंका

विश्वकोशाच्या कार्यालयात त्याला सगळे खोडरबर म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्याला ते ठाऊक होतं आणि त्याचं त्याला फारसं वाईटही वाटत नसे. आधी तो शाळेत भूगोल शिकवायचा. गेली नऊ वर्षं मात्र तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळच्या टेबलाशी बसून तो इतरांनी लिहिलेल्या नोंदी तपासत होता. वाक्य कळतंय का आणि ते खरं आहे का, एवढे दोनच प्रश्न तो विचारी. त्या दोन प्रश्नांपुढे भल्याभल्यांच्या नोंदी निम्म्यावर येत.

नव्या आवृत्तीसाठी त्याच्याकडे एका मध्यम आकाराच्या शहराची नोंद आली. लिहिणारे तिथल्या सार्वजनिक वाचनालयाचे निवृत्त ग्रंथपाल होते, वय एक्याऐंशी. अक्षर असं की छापील वाटावं. मजकुराची मात्र तऱ्हा होती. पहिल्या परिच्छेदात नदी शहराच्या पूर्वेला होती आणि चौथ्यात पश्चिमेला. ‘अलीकडेच बांधलेला’ पूल पाडूनसुद्धा सहा वर्षं झाली होती. हवामान ‘आल्हाददायक’ होतं, पण कोणत्या महिन्यात आणि कुणाला, ते दिलेलं नव्हतं. खोडरबरने एकवीस शंका काढल्या, ओळीने आकडे घातले आणि पाठवून दिल्या.

आठव्या दिवशी उत्तर आलं. प्रत्येक शंकेपुढे ग्रंथाचं नाव, पान, आवृत्ती, एका ठिकाणी तर मुद्रकाचा पत्तासुद्धा. नदीबद्दल लिहिलं होतं, ‘नदी शहराला वळसा घालते. मला इतकी वर्षं माहीत असल्याने सांगायचं राहून गेलं.’ खोडरबरला हसू आलं. चौदाव्या शंकेपुढे मात्र जागा कोरी होती.

ते वाक्य असं होतं: ‘काच कारखान्याच्या वस्तीत शहरातील स्त्रियांची पहिली साक्षरता शाळा सुरू झाली व ती अकरा वर्षे चालली.’ साल नाही, संस्थापक नाही, आधार नाही. खोडरबरने पुन्हा विचारलं, तेव्हाही ती जागा कोरीच आली. फोन केला तर म्हातारबुवा एवढंच म्हणाले की ते एक वाक्य तेवढं राहू द्या, आणि फोन ठेवून दिला.

मुख्य संपादक बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. काढून टाका, यात विचारायचं काय, असं त्यांचं म्हणणं पडलं. एरवी त्याने विचारलंही नसतं. पण जो माणूस मुद्रकाचा पत्ता देतो तो विसरून जागा कोरी ठेवत नाही, हे त्याच्या डोक्यातून जाईना. त्याने शुक्रवारी रजा टाकली आणि सकाळची बस पकडली.

ग्रंथपालांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार त्यांनीच उघडलं. उंच, किंचित वाकलेले, घरातसुद्धा शर्टाच्या खिशाला पेन. भिंतीभर पुस्तकं, सगळी क्रमाने लावलेली. स्वयंपाकघर मात्र बरेच दिवस कुणी नीट न वापरलेलं दिसत होतं. ओट्यावर एकच कप, एकच ताटली. बायकोला जाऊन चौदा महिने झाल्याचं त्यांनी बसल्याबसल्या सांगितलं, आणि पुढे नदीच्या वळणावर बराच वेळ बोलत राहिले. खोडरबरने ते ऐकून घेतलं. मग त्याने कागद काढून चौदाव्या आकड्यावर बोट ठेवलं.

“ती पहिली शाळा नव्हती,” ग्रंथपाल म्हणाले. “नगरपालिकेची त्याच्या चार वर्षं आधी सुरू झाली होती. वाचनालयाच्या जुन्या अहवालात आहे ते. तो अहवाल मीच लिहिलाय.”

“म्हणजे हे चूक आहे, हे तुम्हाला माहीत होतं?”

“माहीत होतं. शाळाही नव्हती ती. माझ्या बायकोचं स्वयंपाकघर होतं.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लग्नानंतर पहिली दहा-बारा वर्षं ते काच कारखान्याच्या वस्तीला लागूनच राहत होते. दुपारी कारखान्याची पाळी बदलली की तिथल्या बायका त्यांच्या घरी यायच्या आणि त्यांची बायको त्यांना लिहायला-वाचायला शिकवायची. सुरुवातीला सात जणी होत्या, मग वीस, मग मोजदाद राहिली नाही. ग्रंथपाल जेवायला घरी येत, तेव्हा जमिनीवर पाट्या पसरलेल्या असायच्या आणि जेवण निवलेलं. त्यांची कुरकूर चालायची. आत डोकावून कोण काय शिकतंय, हे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

एके दिवशी बायकोने त्यांना विचारलं, या बायकांना वाचनालयाचं सभासद करून घेता येईल का. नियम असा होता की जामीन म्हणून घरपट्टी भरणारा माणूस हवा. वस्तीतली घरं कारखान्याची, तेव्हा घरपट्टी भरणारं तिथे कुणीच नव्हतं. ती म्हणाली, मग तुम्ही व्हा जामीन, तुम्ही तर भरता. त्यावर त्यांनी तिला समजावून सांगितलं होतं की ग्रंथपालाला स्वतःच्याच वाचनालयात जामीन राहता येत नाही.

“नियम तसाच होता,” ते म्हणाले. “अजूनही मला वाटतं, नियम म्हणून तो बरोबरच होता. पण समिती होती. समितीला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. तीही पुन्हा बोलली नाही.”

आपणही कागद पुढे करून नियमच सांगायला आलोय, हे खोडरबरला त्या खुर्चीत फार अवघड वाटलं. तरी त्याने सांगायचं ते सांगितलं: वाक्य असं छापता येणार नाही. ग्रंथपालांनी मान हलवली. जणू दुसऱ्या कुणाच्या नोंदीबद्दल त्यांनीही हेच म्हटलं असतं.

निघताना त्याने विचारलं, त्या बायकांपैकी कुणी आहे का अजून. एक आहे, ग्रंथपाल म्हणाले. कारखान्यात बरण्यांवर लेबलं चिकटवायची, बायकोच्या मयताला आली होती. पण तिच्याकडे ते कधी गेले नव्हते. खोडरबर म्हणाला, चला, आत्ताच जाऊ. म्हातारबुवांनी उगीचच चपला शोधण्यात वेळ काढला, पण निघाले.

लेबलवाली बाई वस्तीच्या दुसऱ्या गल्लीत राहत होती. पंचाहत्तरी उलटलेली, ठेंगणी, बोलायला खडखडीत. तिने दोघांना खाटेवर बसवलं आणि स्वतः स्टूल ओढून समोर बसली.

“भाऊजी, वाट चुकलात की काय?” तिने विचारलं. खोडरबरने शाळेचा विषय काढला.

शाळा म्हणताच ती हसली. शाळा कसली, ताईंच्या चुलीपाशी बसायचो, पहिली दोन वर्षं तर खडू जास्त आणि अक्षरं कमी, असं तिने सांगितलं. पण पुढे पुस्तकं वाचली. ती कुठून आणलीत, खोडरबरने विचारलं.

“ताईंच्या कार्डावर,” ती म्हणाली. “आठवड्याला दोन. ज्या बाईला जे पाहिजे ते. माझा दीर कारखान्यात बाष्पकावर, त्या बॉयलरवर, कामाला होता, तर मी बाष्पकाचं पुस्तक मागितलं. एकीची म्हैस आजारी होती, तिने गुरांच्या रोगांचं. ते मग सगळ्यांच्या हातातून फिरायचं. परत द्यायच्या आधी ताई त्याला नवा कागद घालून द्यायच्या.”

ग्रंथपालांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. ती पुस्तकं त्यांनीच शिक्का मारून दिली होती. बायको काय वाटेल ते वाचते, आज बाष्पक तर उद्या म्हशी, असं ते वाचनालयात सगळ्यांना हसत सांगायचे. अकरा वर्षं तो त्यांचा ठरलेला विनोद होता. ते त्यांनी बाईला तसंच सांगितलं. बाईने उठून त्यांना पाणी दिलं.

“तुम्हाला कळू द्यायचं नव्हतंच त्यांना,” ती म्हणाली. “कळलं असतं तर तुम्हाला नाही म्हणावं लागलं असतं. तेवढं टाळलं त्यांनी.”

खोडरबरने जरा थांबून, हळूच, कुठे काही लिहिलेलं असेल का, असं विचारलं. वही, पत्र, काहीही. वह्या तर कधीच गेल्या होत्या. पण अर्ज केला होता ना नगरपालिकेकडे, बाई म्हणाली. वस्तीत नळ नव्हता, पाणी कारखान्याच्या फाटकावरून आणावं लागायचं. सगळ्या बायकांनी मिळून अर्ज केला आणि अट अशी घातली की अंगठा कुणीच उठवायचा नाही. एकीची सही सातव्या खेपेला जमली, म्हणून अर्ज एक आठवडा थांबला होता.

नगरपालिकेचं अभिलेख दालन तळमजल्यावर होतं. तिथला कारकून ग्रंथपालांना ओळखत होता. लहानपणी पुस्तक उशिरा परत केल्याबद्दल त्याने त्यांची बोलणी खाल्ली होती. त्या आठवणीने असेल किंवा भीतीने असेल, त्याने बाईने सांगितलेल्या सालाचे गठ्ठे स्वतः काढून दिले. अडीच तासांनी पाचव्या गठ्ठ्यात अर्ज सापडला. खाली त्रेचाळीस सह्या होत्या. काही एवढ्या मोठ्या की दोन ओळी व्यापलेल्या, काही शाईचा डाग पडलेल्या. अंगठा एकही नव्हता. मजकूर मात्र एकाच सुबक हातचा होता, आणि ते अक्षर ओळखायला ग्रंथपालांना वेळ लागला नाही. त्यांच्या बायकोची सही त्यात नव्हती. अर्ज वस्तीतल्या रहिवाशांचा होता आणि ती वस्तीत राहत नव्हती.

“नियमाला धरून केलंय तिने,” ते म्हणाले, आणि बोट कागदाला न लावता त्यांनी सगळ्या सह्या वरपासून खालपर्यंत वाचल्या.

बस सुटायला अवकाश होता. स्थानकाच्या बाकावर बसून खोडरबरने वाक्य मांडलं: ‘काच कारखान्याच्या वस्तीतील त्रेचाळीस कामगार स्त्रियांनी स्वतःच्या सह्यांचा अर्ज देऊन वस्तीत पाण्याचा नळ मिळवला, यांतील अनेक जणी एका घरात चालणाऱ्या दुपारच्या वर्गात लिहायला शिकल्या होत्या.’ वर्गाला आधार म्हणून बाईंचं म्हणणं त्यांच्याच सहीनिशी लिहून घ्यावं लागेल, असं त्याने सांगितलं. ग्रंथपालांनी ते लगेच मान्य केलं. वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. बायकोचं नाव त्यात नव्हतं. त्याबद्दल ते काही बोलतील म्हणून खोडरबर वाट पाहत होता, पण त्यांनी पेन काढून ‘अनेक’खाली रेघ मारली. अनेक म्हणजे किती, ते संदिग्ध आहे, उद्या बाईंना विचारून कळवतो, म्हणाले.

पुढच्या आठवड्यात पाकीट आलं. आत लेबलवाल्या बाईंचं दीड पानी निवेदन होतं, ठसठशीत सहीनिशी. आकडा त्यांनी आठवून सांगितला होता, सदतीस. शिवाय, नळ एक नव्हता, दोन होते, हेही त्यांनी वाक्य ऐकून लगेच सांगितलं होतं. दुसऱ्या नळाची नोंद कारकुनाने शोधून दिली होती. मुख्य संपादक बाईंनी कागद उलटेपालटे करून पाहिले आणि एवढी खटपट एका वाक्यासाठी का, असं विचारलं. खोडरबर म्हणाला, वाक्यामागची गोष्ट खरी होती, फक्त नीट लिहिलेली नव्हती. बाईंनी दुरुस्तीवर सही केली.

खंड छापून झाला तेव्हा त्याने एक प्रत पाठवली. पोच म्हणून ग्रंथपालांचं पत्र आलं. नोंद वाचली, पान तीनशे बाराच्या तळाशी एक काना निसटलाय, बाकी ठीक, असं त्यात होतं. खाली लिहिलं होतं की हल्ली ते दर गुरुवारी वस्तीत जातात. सह्यांवरून एकेकीची माहिती जमवायला घेतली आहे: कोण, कुठल्या पाळीची, पहिलं पुस्तक कोणतं वाचलं. एकतीस जणींचा माग लागला, त्यांतल्या चार हयात आहेत. एकीच्या मुलीने दार उघडलं नाही, तिच्याकडे पुन्हा जायचं आहे.