शंकेच्या काड्या

"अहो, तण आहे ते. उपटा," कुंपणापलीकडून शेजारी म्हणाले. शेजारी निवृत्त बँक मॅनेजर. आयुष्यभर लोकांचे अर्ज नामंजूर केले, आता ती हौस रोपांवर भागवत होते.

"असेलही," मुद्रितशोधक म्हणाले आणि त्यांनी त्या रोपाशेजारी आइस्क्रीमची एक काडी रोवली. वाफ्यात अशा काड्यांची गर्दी झाली होती.

"काडी कशाला?"

"शंका आहे म्हणून."

उभा जन्म छापखान्यात गेला, ही तिथली शिस्त. मजकुरात अनोळखी काही दिसलं की आपल्या मनाने खोडायचं नाही. समासात प्रश्नचिन्ह टाकायचं आणि लेखकाला विचारायचं. इथे अडचण एवढीच की वाफा ताईचा होता, आणि ताई मागच्या महिन्यात गेली.

ताई म्हणजे थोरली बहीण. दोघांनीही लग्न केलं नाही. कुणी फारसा आग्रहही धरला नाही. दोन खोल्या, चहाचे दोन कप आणि मधे वर्तमानपत्र, असा संसार. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या संध्याकाळी ती हाताची माती झटकत आत आली होती.

"काय पेरलंस?"

"उगवल्यावर बघ की. सगळं आधी वाचायची खोड मेली तुझी."

उगवलं. चांगलं रगड उगवलं. त्यातलं आपलं कोणतं, हे सांगायला ताई घरी परतली नाही.

रविवारी धाकट्या भावाची मुलगी आली. तिने मोबाइल रोपांवर धरला. मोबाइलने एकाच रोपाला आधी मुळा म्हटलं, मग शेवंती, मग 'पुन्हा प्रयत्न करा'.

"काका, पेरलेलं ओळीत उगवतं. ओळ कुठे दिसतेय का बघा."

"तुझ्या आत्याने जन्मात एक वस्तू ओळीत ठेवली असेल तर दाखव."

पुतणी हसली. "मग असं करा. जे रस्त्यावरही उगवलंय ते तण. आत्याने काही अख्ख्या गल्लीत पेरलं नसेल."

"तिचा काही भरवसा नाही," ते म्हणाले. पण मूळ प्रतीशी ताडून पाहायचं हे काम त्यांना येत होतं.

दुसऱ्या दिवसापासून खिशात एकेक पान घेऊन ते फिरू लागले. गटाराची कड, शाळेची मागची भिंत, बसथांब्याच्या फरशीतली फट. पान काढायचं, वाकायचं, चष्मा पुसायचा, पुन्हा वाकायचं. एका बाईने विचारलं, "काका, काही हरवलंय का?"

"अजून नक्की नाही," ते म्हणाले.

जे बाहेर सापडे, ते घरी येऊन मुळासकट काढत. काढण्याआधी आणखी एकदा पाहत. असं करता करता वाफा जवळपास मोकळा झाला आणि एकच रोप उरलं. कातरलेली पानं, तांबूस देठ. ते कुठल्याच गल्लीत नव्हतं. सकाळी तोंड धुण्याआधी मुद्रितशोधक त्याला बघून येऊ लागले. ऊन तापलं की त्याच्यावर छत्री धरून उभे राहू लागले. छत्रीखाली ते दोघंच असत.

"हे होय?" एक दिवस शेजारी म्हणाले. "दवाखान्याच्या मागच्या भिंतीला हे भरमसाट आहे. काल हिच्या गोळ्या आणायला गेलो तेव्हा पाहिलं. चला, दाखवतो."

मुद्रितशोधकांनी चपला घातल्या. फाटकापर्यंत आले. कडीवर हात ठेवून तसेच उभे राहिले.

"आज नको," ते म्हणाले. "गुडघा धरलाय."

याच गुडघ्यांनी सगळ्या गल्ल्या पालथ्या घातलेल्या शेजाऱ्यांनी पाहिल्या होत्या. त्यांनी गुडघ्याकडे पाहिलं, मग वाफ्याकडे. बिनतारण काही मंजूर करायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे जरा वेळ लागला.

"तसंही नजर अधू झालीय माझी," ते म्हणाले. "दुसरंच काहीतरी असेल तिथे."

पुढे त्या रोपाला फूल आलं. पांढरं, शर्टाच्या बटणाएवढं. मुद्रितशोधकांनी खुर्ची बाहेर आणली आणि ताईला पांढरी फुलं आवडायची का, हे आठवत बसले. जन्मभर एका घरात राहून तिला हे विचारायचं राहिलं होतं. हळूहळू अंधार पडला, फूल दिसेनासं झालं, तरी आठवेना.