पहिली कात्री गिऱ्हाईकाची

मी बोलतोय. होय, मीच. दुकानात शिरलात की समोरच्या फळीवर बसलेला, करड्या लोकरीचा, जरा रागीट चेहऱ्याचा टेडी. माझ्या पायाशी 'ऑर्डर घेण्याचे नियम' अशी पाटी आहे. लोक पाटी वाचतात, माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "अय्या, किती गोड!" मी गोड वगैरे काही नाही. मला सूड हवा होता, आणि त्या पाटीवरचं प्रत्येक अक्षर माझ्या सुडाचं आहे.

टेडी होण्याआधी मी कोट होतो. एका सुताराचा. फळी सरळ आहे का हे बघायला तो ती डोळ्यापुढे धरायचा आणि डावा डोळा बारीक करायचा. जन्मभर हेच केल्यामुळे म्हातारपणी त्याचा डावा डोळा थोडा खाली उतरला तो तसाच राहिला. माझ्या खिशात त्याची पेन्सिल असायची आणि शिवणीत कायम भुसा. बायको ओरडायची, "झटकून तरी आत या!" तो झटकायचा नाही.

तो गेला. जाण्याआधी त्यानं स्पष्ट सांगितलं होतं, "कोट थोरलीला." थोरली म्हणजे त्याची मुलगी. वडिलांचा कारखाना तीच चालवते, रंधा तीच मारते. तिनं मला कारखान्याच्या दारामागच्या खिळ्यावर टांगलं आणि म्हणाली, "थंडी पडली की घालते." मी थंडीची वाट बघत होतो. लोंबकळत राहायला कुठल्या कोटाला आवडतं?

थोरलीचा एक धाकटा भाऊ आहे. बँकेत असतो, इस्त्रीचे कपडे घालतो. थोरली एका गिऱ्हाईकाकडे कपाट बसवायला परगावी गेली, आणि हा पठ्ठ्या मला खिळ्यावरून काढून, पिशवीत कोंबून इथे घेऊन आला.

इथे म्हणजे अस्वलताईच्या दुकानात. खरं नाव काहीतरी वेगळंच आहे, पण अख्खी गल्ली तिला अस्वलताईच म्हणते. लोक आपल्या माणसांचे जुने कपडे आणतात, ती त्यांचे टेडी करून देते. हात सोन्याचे, पण 'नाही' हा शब्द तिला शिकवायचाच राहिला. कुणी कधीही यावं, काहीही आणावं, उद्याच हवा म्हणावं, ही आपली "बरं, करू या." तिच्या सासूबाई कोपऱ्यात बसून टेडींच्या पोटात कापूस भरतात आणि तोंडानं मतं देतात. दोन्ही कामं भरपूर करतात.

"वडिलांचा कोट आहे," धाकटा म्हणाला. "याचा टेडी करून हवाय."

सासूबाईंनी विचारलं, "घरात विचारलंस का रे बाबा?"

अस्वलताईनं त्यांना डोळ्यांनीच दटावलं. वडील गेलेल्या माणसाला असले प्रश्न विचारायचे नाहीत, हा तिचा चांगुलपणा. त्या चांगुलपणानं माझा घात केला. मी आतून ओरडत होतो, अहो, मी याचा नाही! पण कोटाचं कोण ऐकतं?

मग कात्री लागली. त्याबद्दल मी फार बोलत नाही. बाह्या वेगळ्या झाल्या, अस्तर निघालं, खांद्याचे कान झाले. ज्या खांद्यावर सुतारानं फळ्या वाहिल्या, त्या खांद्याचे. तेव्हाच मी मनाशी ठरवलं की या धाकट्याला सोडायचं नाही.

या दुकानाची एक पद्धत आहे. डोळे कुठे लावायचे हे अस्वलताई ठरवत नाही. चेहरा तयार झाला की ती गिऱ्हाईकाला बोलावते, हातात दोन टाचण्या देते आणि म्हणते, "तुमच्या माणसाचं तुम्हालाच ठाऊक. खोचा." धाकट्यानं माझी दोन बटणं हातात घेतली आणि टाचण्या खोचल्या. फार वेळ लावला नाही.

"डावा जरा खाली आलाय," ती म्हणाली. "वर घेऊ?"

"नको. असाच आहे," तो म्हणाला. एवढंच.

मी तयार झालो. धाकटा मला न्यायला आला, आणि त्याच्या पाठोपाठ धाडकन दार उघडून थोरली आत आली. परगावाहून नुकतीच परतलेली. तिला खिळा रिकामा दिसला होता, शेजाऱ्यांनी धाकट्याला पिशवी घेऊन इकडे येताना पाहिलं होतं. दुकानात तेव्हा आणखी एक बाई तिच्या बाळाचं झबलं घेऊन बसली होती.

"बाबांचा कोट कुठाय?" थोरलीनं विचारलं.

धाकट्यानं काय करावं? माझ्याकडे बघितलं, अस्वलताईकडे बघितलं आणि बेधडक सांगून टाकलं, "अगं ताई, अस्तर उसवलं होतं म्हणून शिवायला दिला होता. यांनीच कापून टाकला. मी आत्ता त्याच्यावरच बोलायला आलोय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तळपाय तर अस्वलताईनं कालच शिवले होते!

सासूबाईंच्या हातातला कापूस खाली पडला. "अरे खोटारड्या," त्या किंचाळल्या, "माझ्यासमोर बसून ऑर्डर दिलीस तू!" पण घरच्या माणसाची साक्ष कोण मानतं? झबलंवाली बाई हळूच उठली, झबलं पुन्हा पिशवीत घातलं आणि निघून गेली. संध्याकाळपर्यंत गल्लीभर होणार होतं की अस्वलताई न विचारता लोकांचे कपडे कापते. हे तिलाही कळलं. ती मटकन खाली बसली.

"मेलेल्या माणसाचा कोट होता तो!" थोरली ओरडली. "तुम्हाला जराही काही वाटलं नाही?" आणि तिनं मला उचललं. भिंतीवर आपटायला हात मागे नेला.

तिचा हात तसाच थांबला. तिनं मला पुढे आणलं. माझ्या तोंडाकडे, त्या खाली उतरलेल्या डाव्या डोळ्याकडे बघत राहिली. मीही तिच्याकडे बघत होतो. बघण्यापलीकडे मला काही येत नाही, पण तेवढं मी जीव ओतून केलं.

"तुम्ही आमच्या बाबांना कधी पाहिलं होतं?" तिनं विचारलं.

"नाही हो," अस्वलताई रडत म्हणाली. "कधीच नाही."

"फोटो दिला होता यानं?"

"काही दिलं नाही. डोळे गिऱ्हाईकच लावतं आमच्याकडे."

थोरली धाकट्याकडे वळली. ऑर्डर कुणी दिली हे त्याला कुणी विचारलंच नाही, त्याची गरजच उरली नव्हती. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पोटातला कापूस थरथरला असेल.

"कोट मला दिला होता बाबांनी," ती शांतपणे म्हणाली. "तुला सहन झालं नाही का?"

"तसं नाही ताई," तो म्हणाला. "तू तो घालून हिंडली असतीस. रोज, कारखान्यात. तुझी चालही त्यांच्यासारखीच आहे. मागून बघितलं असतं तर... मला नसतं बघवलं गं."

आता तुम्ही विरघळाल. मी नाही विरघळलो. दुःख होतं तर रडायचं होतं, कुणी अडवलं होतं? एका शिवणाऱ्या बाईच्या डोक्यावर खापर फोडायचं काय कारण?

थोरलीनं अस्वलताईची हात जोडून माफी मागितली. झबलंवाल्या बाईकडे स्वतः जाऊन खरं काय ते सांगून आली. मग मला फळीवर ठेवलं. "मला कोट हवा होता," ती म्हणाली. "टेडी नको. पण यालाही देऊ नका." आणि गेली.

त्याच आठवड्यात नियमांची पाटी तयार झाली. सासूबाईंचा पहिला मसुदा फार जहाल होता. "खोटं बोलणाऱ्याचे कान उपटले जातील" हे त्यांनी स्वतः सांगितलं होतं. अस्वलताईनं ते काढलं. मला ते फार आवडलं होतं.

पण जे उरलं तेही काही कमी नाही. कपड्यावर ज्यांचा ज्यांचा हक्क, त्या सगळ्यांनी एकत्र यायचं. टेडी न्यायलाही सगळ्यांनीच यायचं. घाई चालणार नाही. आणि सगळ्यांत मुख्य, पहिली कात्री गिऱ्हाईकानं स्वतःच्या हातानं मारायची.

हा शेवटचा नियम बघायला एकदा या. तावातावानं आलेले लोक कात्री हातात घेतात आणि पुतळ्यासारखे उभे राहतात. एक धिप्पाड गृहस्थ आईची ओढणी घेऊन आला होता, कात्री खाली ठेवून ओढणी गळ्यात गुंडाळून घरी गेला. सासूबाई कुरकुरतात, "असल्या नियमांनी दुकान चालायचं कसं?" पण चालतंय. ज्यांची कात्री चालते, ते मग रडगाणं गात नाहीत. आणि अस्वलताई आता 'नाही' म्हणते, अगदी ठणठणीत.

धाकटा शनिवारी संध्याकाळी येतो. "एकदा घरी नेऊ द्या," म्हणतो.

"दोघं या," अस्वलताई पाटीकडे बोट दाखवते.

त्याचा चेहरा पडतो. मी पोटभर बघून घेतो. तो थोडा वेळ माझा पंजा धरून उभा राहतो, मग जातो.

थोरली रविवारी सकाळी येते. तीही एकटीच. माझ्या छातीवर कोटाचा खिसा शिवलेला आहे, त्यात दोन बोटं घालून ती उभी राहते. परवा तिनं खिशातून भुशाचा एक कण काढला, बघितला आणि पुन्हा आत ठेवला. "मी येते हे त्याला सांगू नका," असं तिनं अस्वलताईला बजावलंय, आणि अस्वलताई शब्दाची पक्की आहे.

त्यामुळे मी फळीवरच आहे. रागाचा मला कंटाळा आलेला नाही, असं मी म्हणतो. पण शनिवारी रात्री दुकान बंद झालं की कोट होतो तेव्हाचं ते घर आठवतं, आणि त्या घरात आता दोघं एकमेकांशी बोलत नाहीत हेही आठवतं.

तुमच्यापैकी कुणाच्या ओळखीचा असेल तो, बँकेतला, इस्त्रीच्या कपड्यांतला. त्याला एवढं सांगा, रविवारी सकाळी ये म्हणावं. मी सांगितलं असं मात्र सांगू नका. मी अजून त्याला माफ केलेलं नाही.