एक फेरा जास्त

मोतीराम लांबवतो, हे पांढुर्ण्यापासून मोहगावापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. यमुनाबाईची भीमगीतं ऐकायला लोक जमायचे. कडवं संपायचं, मधलं संगीत वाजायचं, आता पुढचं कडवं येणार म्हणून लोक सरसावून बसायचे, आणि नेमका तेव्हाच हा गडी ढोलकीवर एक फेरा जास्त वाजवायचा. तोही साधा नाही. घुमवून, मान डोलावून, शेवटी जोरकस थाप मारून. त्यानंतर यमुना गाणं उचलायची. "बायको गायला उभी आहे आणि याचीच हौस फिटत नाही," असं लोक म्हणत. यमुनाही तेच म्हणे. कार्यक्रमाहून परतल्यावर ताटात भाकर वाढता वाढता ती हमखास विचारायची, "झाली का हौस? लोकाईनं मले ऐकाले बोलावलं होतं, तुमाले नाही."

मोतीराम खाली मान घालून जेवायचा. खरं काय ते त्याला एकट्यालाच माहीत होतं. यमुनाचा आवाज असा, की भोंगा नसला तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा. पण मधलं संगीत संपलं की वेळेवर उचलणं तिला जमत नसे. पदर सावरायची, लोकांकडे बघायची, श्वास घ्यायची, तेवढ्यात जागा निघून जायची. लग्नानंतरच्या पहिल्याच कार्यक्रमात मोतीरामनं हे पाहिलं. तिचा खांदा उचलला नाही, म्हणजे श्वास घेतलेला नाही, हे ओळखून त्यानं आपणहून एक फेरा वाढवला. ती त्यावर आली आणि टाळ्या पडल्या. तेव्हापासून सोळा वर्षं तो फेरे वाढवत आला आणि बोलणी खात आला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा त्याचा हिशेब होता.

मग एका हिवाळ्यात त्याला लकवा मारला. बोलणं वाचलं, पाय फरफटत का होईना चालू राहिला, पण उजवा हात मांडीवर पडला तो पडलाच. कापसाच्या जिनिंगमधली नोकरी गेली आणि ढोलकी खुंटीवर गेली. यमुनानं दोन कार्यक्रम दुसऱ्या ढोलकीवाल्यांना घेऊन केले. ते बिचारे सरळ वाजवणारे. मधलं संगीत संपलं की ठरल्या जागी येऊन ते तिची वाट बघत, आणि ती यायची मागून, धावत गाडी पकडल्यासारखी. दोन्ही वेळा लोक हसले. "यायले वाजवताच येत नाही," असं यमुना घरी येऊन म्हणाली. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तिला कुणी ऐकवली नाही, कारण ती ऐकवण्याची हिंमत असलेला एकुलता एक माणूस गप्प बसला होता.

बोलावणी बंद झाली. सौंसरच्या जयंती समितीचे दादाराव तेवढे जुन्या ओळखीचे. ते एकदा घरी येऊन स्पष्ट बोलून गेले. "यमुनाबाई, यंदा तुमचाच कार्यक्रम ठेवतो. पन मांगच्यासारखं झालं तं पुढच्या साली मी समितीत तुमचं नाव काढू शकत नाही. लोक मले बोलतात." यमुनानं चहा दिला, जय भीम केला, आणि दादाराव गेल्यावर रिकामी कपबशी घेऊन चुलीपुढे बसली. गाणं गेलं तर आपल्याजवळ काय उरतं, हे तिला कळत नव्हतं. मोतीरामला कळत होतं, म्हणून तो जास्तच घाबरला.

यमुनाचा धाकटा भाऊ उत्तम तिच्या गायनपार्टीत कीबोर्ड वाजवायचा. नोकरी नागपूरला, एका रेकॉर्डिंग स्टुडिओत. वायरी जोडण्यापासून चहा सांगण्यापर्यंत सगळं. स्टुडिओच्या मालकानं नवीन कॉम्प्युटर घेतला तेव्हा जुना त्यानं मागून आणला. दिसायला नुसता टाइपरायटर, पडद्याच्या जागी घरातला छोटा टीव्ही. फ्लॉपी घातली की टीव्हीवर आडव्या रेघा उमटायच्या. एक रेघ तालाची, एक खर्जाची, एक मागच्या सुरावटीची. ज्या रेघेवर जिथे टिंब द्यावं तिथे कीबोर्ड वाजायचा, कॉम्प्युटरपासून कीबोर्डपर्यंत आलेल्या एका वायरीतून. हातही न लावता.

"कीबोर्डमंदी तं ताल भरलेलेच असतात न?" मोतीरामनं विचारलं.

"असतात भाऊजी. पन आपल्या कामाचे नाही." उत्तमनं बटन दाबून दाखवलं. वॉल्ट्झ वाजला, रुंबा वाजला, डिस्को वाजला. वॉल्ट्झवर यमुनानं एक ओळ म्हणून पाहिली आणि थांबली. "हे तं पाळना हालवून राहिलं," ती म्हणाली.

म्हणून दोघांनी ताल घरीच घडवायला घेतला. मोतीराम खाटेवर बसून तोंडानं बोल म्हणायचा, डाव्या हातानं मांडीवर थाप द्यायचा, आणि उत्तम टिंबं भरायचा. कीबोर्डात ढोलकीचा आवाज नव्हता. कोंगा नावाचा एक जाड आवाज डाव्या अंगाला लावला, लाकडाचा एक कोरडा आवाज चाटेला, म्हणजे उजवीकडच्या काठावरच्या थापेला. पहिल्यांदा वाजलं तेव्हा मोतीरामनं तोंड वाकडं केलं. "लय सरळ चालून राहिलं बावा. शिपाई परेड करते तसं. तिसरी थाप जराशी मांगं घे." उत्तमनं ते टिंब केसभर मागे सरकवलं. मग पुढची थाप, मग खर्ज. महिनाभर प्रत्येक रविवारी हेच चाललं. चार गाणी बसली तेव्हा मोतीरामला आपला मेलेला हात टीव्हीच्या आत वाजताना ऐकू आला. त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

सरावाला मात्र पुन्हा तेच. मधलं संगीत संपलं, मशीन कडव्यावर गेलं, आणि यमुना मागे.

"हे घाई करून राहिलं," ती म्हणाली.

उत्तमनं तोंड उघडलं. मोतीरामनं डोळ्यांनी त्याला दाबलं. दोनतीनदा असंच झालं, तेव्हा यमुना वैतागून म्हणाली, "उत्तम, हे सगळं कॅसेटमंदी भरून दे. मी रामाकोन्याले चालली मालतीकडे, तिच्या नातवाचं नाव ठेवाचं आहे. तिथं ऐकत जाईन." उत्तमनं कॅसेट भरून दिली. ऐकेल बापडी, असंच दोघांनाही वाटलं. यमुना कधी कशावर मेहनत घेते, हे कुणी पाहिलं नव्हतं. आवाज जन्माचा होता, मेहनतीची गरज पडली नव्हती.

ती गेल्यावर मोतीराम मेव्हण्याला म्हणाला, "आता मधल्या संगीतात एक एक फेरा वाढव. चारही गान्यात. शेवटी थाप दे, मी देतो तशी."

"म्हनजे भाऊजी, तुमी थे ताईसाठी..." उत्तम त्याच्याकडे बघत राहिला. लहानपणापासून भाऊजींच्या हौसेवर हसणाऱ्यांत तोही होता. "अन् ताईले सांगू नको?"

"सोळा वर्षांत समजलं नाही तिले. आता कायले समजते?"

उत्तमनं फेरे वाढवले, आणि पुढच्यासाठी एका नव्या गाण्याचा तालही भरून ठेवला.

जयंतीच्या दिवशी यमुना रामाकोन्याहून परस्पर सौंसरला आली, सरावाला वेळ उरला नव्हता. तिथे भलतीच गर्दी. तिचं कारण यमुना नव्हती. स्टेजवर टीव्ही चढताना पोरांनी पाहिला होता, आणि गाणी झाल्यावर व्हिडिओ दाखवणार ही बातमी तासाभरात वस्तीभर झाली. बाया सतरंज्या घेऊन आल्या. दादाराव माइकवरून सांगून थकले, की हा व्हिडिओ नाही, हे संगीताचं यंत्र आहे. लोकांनी ते ऐकलं आणि टीव्हीसमोरची जागा धरून ठेवली.

मोतीराम स्टेजखाली खुर्चीवर बसला. यमुना पांढऱ्या लुगड्यात उभी राहिली, बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला आणि उत्तमला खूण केली. "वही दिली भीमानं, आता मागं पाहणं नाही," हे तिचं स्वतः बांधलेलं गाणं सुरू झालं. आवाज मांडवाबाहेर गेला. लोक व्हिडिओ विसरले. पहिलं कडवं संपलं, मधलं संगीत आलं. मोतीराम सवयीनं तिच्या खांद्याकडे बघत होता. खांदा उचलला. श्वास घेतला. आणि जी जागा तिला कधीच सापडली नव्हती, त्या जागेवर यमुनानं कडवं अगदी नेमकं उचललं.

मशीन मात्र तिची वाट बघत फेरा घालत होतं.

गाणं एकीकडे, खर्ज दुसरीकडे. यमुना दोन शब्द गायली, पायाखालची पायरी नाहीशी झाल्यासारखी अडखळली आणि थांबली. मागून कुणीतरी हसलं. "व्हिडिओ लावा!" एक आवाज आला आणि त्यावर सगळेच हसले. दादाराव खुर्चीतून अर्धे उठले. यमुनानं उत्तमकडे पाहिलं. उत्तमनं मोतीरामकडे पाहिलं. त्या रोखानं यमुनाची नजरही तिथेच येऊन पोचली, आणि तेवढ्यात मशीननं फेऱ्याच्या शेवटची थाप दिली. ती थाप जगात एकच माणूस देत होता.

यमुनानं कडवं उचललं. पुढच्या मधल्या संगीताला ती थांबली. पदर सावरला नाही, लोकांकडे पाहिलं नाही. अख्खा वाढीव फेरा ती मोतीरामकडे बघत उभी राहिली आणि मग गायली. चारही गाण्यांत तसंच. लोकांनी टाळ्या दिल्या, सुरुवातीची गडबड मशीनच्या माथी मारली, आणि पुढच्या सालचं नाव पक्कं करून दादाराव गेले. मोतीरामला टाळ्यांचा आनंद झाला नाही. ती वेळेवर आली त्या क्षणी आपल्याला आधी भीती वाटली, आनंद नाही, हे त्याला पुन्हापुन्हा आठवत होतं. माणसानं स्वतःविषयी असं काही कळून घेऊ नये.

मुक्काम दादारावांकडेच झाला. सकाळी बस स्टँडवर पांढुर्ण्याच्या गाडीची वाट बघताना ती बोलली.

"लग्नापासून?"

"हो."

"मी तुमालेच नावं ठेवत राहिली. चारचौघांत. अन् तुमी ऐकत राहिले."

"तुले वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं," यमुना म्हणाली. "दोन दिवस रडली असती अन् शिकली असती. रामाकोन्याले आठ दिवसांत शिकलीच न? मालतीच्या घरच्या लेकरांनी बोटं मोजून मोजून शिकवलं. तुमी मले लेकराहूनही लहान समजले."

आपण हिला जीव लावतो, असं मोतीराम इतकी वर्षं समजत आला होता. ते खोटं नव्हतं. पण तिचं म्हणणंही खरं होतं, आणि दोन्ही एकदम खरं असणं त्याला फार जड गेलं. गाडी आली, तिनं त्याला दंडाला धरून चढवलं आणि खिडकीशी बसवलं.

घरी आल्यावर तिनं उत्तमला कॉम्प्युटर जोडायला लावला. "सगळे जास्तीचे फेरे काढून टाक," ती म्हणाली. टीव्हीवरच्या रेघांतून टिंबांचे पुंजके एकामागून एक नाहीसे झाले. मोतीराम खाटेवरून बघत होता. हात गेला तेव्हा वाटलं नव्हतं तेवढं रिकामं त्याला आता वाटलं.

"आता नवीन गानं लाव. थे कॅसेटमंदी नव्हतं, थे." यमुना खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि मोतीरामकडे वळली. "हात गेला तुमचा, तोंड तं आहे न? मंग सांगत जा."

गाणं सुरू झालं. मुखडा झाला, कडवं झालं, मधलं संगीत आलं. खांदा उचलला नाही. मोतीरामला ते आधीच दिसलं. त्याचा डावा हात आपोआप मांडीवर आला, फेरा वाढवायला. मांडी वाजली, मशीन थांबलं नाही. ते पुढे गेलं आणि यमुना मागून आली.

तिनं गाणं थांबवलं. उत्तमनं मशीन थांबवलं. दोघं मोतीरामकडे बघत होते.

साधे दोन शब्द होते, आणि ते या घरात तो पहिल्यांदा बोलणार होता.

"मांगं राहिली," मोतीराम म्हणाला.

"किती?"

"अर्धा फेरा."

यमुनाचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत.

"पुन्हा लाव रे उत्तम," ती म्हणाली.