ढोल काय म्हणतो

"तुमी ढोल वाजवून आमच्या बायांले नदीवर कायले बोलावता?"

रंगूनं प्रश्न एका दमात विचारून टाकला. पैज मैत्रिणींनी लावली होती. त्या दोघी मागं बाभळीआड उभ्या राहून तोंडावर हात दाबून हसत होत्या. तलावाच्या राखणदाराला असं तोंडावर विचारायची छाती गावातल्या बाप्यांचीही नव्हती, मग सातवीतल्या पोरीची कुठली. पण रंगूनं विचारलं, आणि विचारल्यावर मान आणखी थोडी वर केली.

रतनसिंग तलावाच्या दाराच्या चाकाला तेल लावत होता. जागरणानं त्याचे डोळे लाल झाले होते. वरच्या डोंगरात पाऊस लागून होता आणि भिंतीशी गढूळ पाणी गुपचूप चढत होतं.

"कोण बोलावते?" त्यानं वर न पाहता विचारलं.

"तुमीच. तुमचा ढोल वाजला का बाया खण-नारळ घेऊन निंगतात. मांगच्या भादव्यात माही काकू गेली, सोजरबाई. ओटी भरता भरता काठ खचला तिच्या पायाखालचा."

चिंधी धरलेला त्याचा हात थांबला. बाभळीआडचं हसूही थांबलं.

मग तो बोलला, पण तुटक तुटक, दमलेल्या माणसासारखं. तलाव भरत आला की दार थोडं थोडं उघडून आधीच जागा करून ठेवावी लागते. सगळंच पाणी अडवून धरलं आणि भिंत फुटली, तर खालचं गाव एका घोटात जाईल. म्हणून खाली ऊन पडलेलं असलं तरी तो पाणी सोडतो, आणि लोक त्याला शिव्या देतात. सोडायच्या आधी ढोल. तो ऐकून माणसांनी ढोरांची दावी सोडावी, दाणे उचलावे, टेकाडावर जावं, नदीकडं फिरकू नये. एवढंच.

"मी त पळा म्हणून वाजवतो, बाई."

"आमी त या म्हणून आयकतो," रंगू म्हणाली.

तलाव बांधायच्या आधी पुराचा ढोल गावातच वाजायचा आणि बाया नदीमायची ओटी भरायला काठावर जमायच्या. तेव्हा पाणी नुसतं चढायचं, हळूहळू, पायरी पायरीनं. मग तलाव झाला, ढोल भिंतीवर गेला, पाणी एकदम यायला लागलं. रतनसिंग पडला बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा. गावच्या बाया ढोल ऐकून काय करतात, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ढोल काय म्हणतो, हे गावानं कधी त्याला विचारलं नव्हतं.

"उद्या दार उघडा लागन," तो म्हणाला आणि पुन्हा चाकाकडे वळला. "घरी सांग."

रंगू बांधावरून जवळजवळ पळतच आली. मैत्रिणी मागं राहिल्या. एवढं मोठं कोडं आपण सोडवलं, आता फक्त सांगायचाच अवकाश, असं तिला वाटत होतं.

घरी तिचा बाप जानराव कणगीतली ज्वारी पोत्यात भरत होता. दर पावसाळ्यात भरायची, टेकाडावर न्यायची, पुन्हा खाली आणायची. त्यानं पोरीचं सगळं ऐकलं, पोत्याचं तोंड बांधलं आणि हनुवटीनं चुलीकडं खूण केली.

"तुह्या मायले सांग. नदीवर नको जाऊ म्हनून मी सांगून थकलो."

प्रयागबाई सुपात तांदूळ निवडत होती. बाजूला हिरव्या बांगड्या, खण, नारळ. रंगूनं सगळं पुन्हा सांगितलं, आणि वाटेत सुचलेलंही सांगितलं. ओटी काठावर कशाला, दार उघडायच्या आधी वर तलावावरच भरावी. नदी तीच तर आहे.

प्रयागबाईनं एक खडा वेचून बाजूला टाकला.

"ओटी वाहत्या पान्याची भरतात, पोरी. कोंडून ठेवलेल्या बाईची कोनी ओटी भरते काय?"

रंगूनं नारळ उचलून मागं सरकवला.

"मंग नको भरू यंदा," ती म्हणाली.

"सोजरबाईची ओटी अर्धी राह्यली," प्रयागबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "ते कोन पुरी करन? जाऊ होती माही."

जानरावानं दुसरं पोतं ओढलं आणि मध्येच सोडून त्यावरच बसला. रंगूनं आईच्या हाताकडं पाहिलं, मग बापाकडं. तलावावरून येताना अंगात भरलेला वारा आता उरला नव्हता. ती आईजवळ खाली बसली आणि तिच्या सूप धरलेल्या हाताचं मनगट घट्ट पकडलं.

"बाबा, तुमीबी आयका. उद्या मी शाळेत जात नाही. ढोल वाजला का मायसंग नदीवर जातो. हा हात असाच धरून ठेवीन, सोडनार नाही. मंग मले घेऊन किती खाली उतराचं, ते तिनंच ठरवावं."