आज शाळेत ना…

मी टेपरेकॉर्डर बोलतोय. खरं तर स्वतःचं असं मी आजच बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांनी सांगितलं तेवढंच परत ऐकवलं, पदरचा एक शब्द घातला नाही. हा गुण मला माणसांत फारसा दिसला नाही.

कारखान्यात एका बाईंनी "एक, दोन, तीन" म्हणून माझा कान तपासला. मग दुकानाची काच, मग हे घर. सुरुवातीला कौतुक इतकं की मला विणलेलं कव्हर होतं. पुढे नवी यंत्रं आली आणि मी कव्हरासकट माळ्यावर गेलो. गरज सरो, वैद्य मरो.

मला खाली काढलं ते आत्याने. ती छापखान्यात प्रुफं तपासायची. तीस वर्षं चुका पकडून तिची नजर अशी झाली होती की आमंत्रणपत्रिका हातात आली, तर आधी ऱ्हस्व-दीर्घ बघायची आणि मग कार्यक्रम कुणाकडे आहे ते.

तिची भाची आठ वर्षांची. घरात तिला मैना म्हणत, पण तोंडात सदा मिठाची गुळणी. एका रविवारी आईच्या हाती मैनेच्या दप्तरातली चिठ्ठी लागली. मुलगी वर्गात बोलत नाही, पालकसभेत मुलांतर्फे एकाने बोलायचं आहे, तिची इच्छा असेल तर शनिवारपर्यंत तिनेच वर्गात हात वर करावा, असं बाईंनी लिहिलं होतं.

"ताई, भाषेचं तुमच्याइतकं कुणाला कळतं? तुम्हीच घ्या मनावर," आई म्हणाली.

आत्याने घेतलं. रोज संध्याकाळी मला जेवणाच्या टेबलावर ठेवायचं, कळ दाबायची आणि मैनेने दिवसभरातलं काहीतरी सांगायचं.

"आज शाळेत ना, माझी डबा…"

"माझा डबा."

"माझा डबा सांडला तर सगळे मुलं…"

"सगळी मुलं. आणि पाठ सरळ."

मैना पाठ सरळ करायची आणि गोष्ट विसरायची. मग आई वरणाच्या फोडणीतून मान वळवून म्हणायची, "जरा मोठ्याने बोल गं." असे चार दिवस गेले.

शुक्रवारी मैना खेळायला गेली असताना आत्या प्रगती तपासायला बसली. हातात लाल पेन्सिल, समोर कोरा कागद. मी चारही दिवसांचं ऐकवलं. "आज शाळेत ना" चार वेळा आलं, आणि त्यानंतर दर वेळी आत्याच. मैनेचं एकही वाक्य शेवटाला पोचलं नव्हतं, मग खूण करायची कुठे? तिने टेप मागे फिरवून पुन्हा ऐकली आणि पेन्सिल खाली ठेवली.

"वहिनी, पोरीची गोष्ट मी एकदाही ऐकलीच नाही."

"मीही नाही, ताई," आई म्हणाली.

खोटं कशाला सांगू, मला आधी गंमत वाटली. चुका शोधण्यात जिचा हात कुणी धरू शकत नव्हतं, तिला स्वतःची सापडायला चार दिवस लागले. पण तिचा पडलेला चेहरा बघून वाईटही वाटलं.

मैना आली. आत्याने माझी कळ दाबली आणि स्वतःच्या तोंडावर हात ठेवला, चांगला घट्ट.

"आज शाळेत ना," मैना म्हणाली आणि सवयीने थांबली. कुणी काही बोललं नाही. तिने आपणहून पाठ सरळ केली, तरी कुणी काही बोललं नाही.

"आज शाळेत ना, बाईंनी विचारलं, सभेत कोण बोलणार. मी हात वर केली. मग खाली घेतली. मला वाटलं, मधेच कुणीतरी थांबवेल."

आत्याचे डोळे भरून आले. तिने तोंडावरचा हात काढला.

"मग?" तिने विचारलं.

मैना पाऊण तास बोलली. माझी टेप मधेच संपली, तेही कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळं सांगून झाल्यावर आत्या हळूच म्हणाली, "म्हणजे तू हात वर केलास, आणि मग खाली घेतलास."

"हो. हात खाली घेतला," मैना म्हणाली. "उद्या वर करणार."

तिने तो केला. सभेत ती काय बोलली ते मला ठाऊक नाही, मला कुणी नेलं नाही. आता ती मोठी झाली आहे आणि तिला गप्प करायला घरातली सगळी माणसं अपुरी पडतात. माझा पट्टा सैल झालाय, आवाज घोगरा झालाय, आणि मुक्काम पुन्हा माळ्यावर.

एकच मागणं आहे. तुमच्या घरी एखादं मूल अडखळत सांगायला लागलं, तर घटकाभर तोंडावर हात ठेवा. चूक कुठे पळून जात नाही, मूल मात्र गप्प होतं.

आत्या अजून मला अधूनमधून खाली काढते. तीच टेप लावते आणि तिचं ते "मग?" आलं की बंद करते. पुढचं तिला पाठ आहे.