बंद दाराबाहेरचं बाकडं

आईचं काय करायचं, हा प्रश्न कुठल्या घरात निघत नाही? या घरातही निघाला आणि दोघा भावांनी तो चटकन निकालात काढला. सहा महिने बँकेतल्या थोरल्याकडे, सहा महिने गॅरेजवाल्या धाकट्याकडे, आणि आईच्या घराला कुलूप. हे ठरलं तिच्याच बैठकीच्या खोलीत. ती तेव्हा आत या दोघांसाठी चहा टाकत होती.

त्या रविवारी थोरल्याने सगळ्यांना जुन्या सभागृहाच्या संग्रहालयात नेलं. एकेकाळी तिथे पुढारी जमले होते आणि नदीकाठची गावं सीमेच्या कोणत्या बाजूला जाणार हे ठरवून मोकळे झाले होते. लांब टेबल, खुर्च्या, दौत, सगळं जपून ठेवलेलं. थोरला खूश होता.

"काय माणसं होती! एका बैठकीत विषय संपवला."

आई खोलीत नव्हतीच. ती बाहेर व्हरांड्यात, एका बाकड्याजवळची पाटी वाचत उभी होती. त्या गावांतली माणसं बैठक संपेपर्यंत इथे बसून होती. आतून त्यांना चहा आला, बोलावणं आलं नाही.

"यांना निदान आयता मिळाला," सगळे बाहेर आले तशी आई म्हणाली. "मला करावा लागला."

थोरला हसायला गेला आणि अर्ध्यावरच थांबला.

"अगं, आम्ही तुझ्या भल्यासाठीच..."

"आत बसलेलेही हेच म्हणत असतील," त्याची बायको म्हणाली. "भलं करा की, कोण नको म्हणतंय? पण ज्यांचं करायचं त्यांना आत बोलवायला काय झालं होतं?"

"वहिनी, एकटी असताना आई पडली तर?" धाकटा कळवळून म्हणाला.

"मग ही भीती त्यांनाच सांगा ना, भावोजी. त्यांचं म्हणणं त्या सांगतील."

थोरला आईपाशी गेला.

"चुकलंच आमचं, आई. तुला काय हवंय?"

आई बाकड्यावर बसली.

"आज नाही सांगता यायचं," ती म्हणाली. "कोणी विचारेल असं वाटलंच नव्हतं, म्हणून मी काही ठरवलंच नाही रे. थोडे दिवस द्या."

थोरल्याला ते फार लागलं. पण दिवस दिले. तिने पुढे काय ठरवलं ते इथे सांगत नाही. तिचं तिने ठरवलं, एवढं पुरे!

वाचकहो, आपल्या घरात, कचेरीत, गावात अशा बैठका रोज होतात. ज्याच्या आयुष्याचा निर्णय घ्यायचा, त्याची खुर्ची सगळ्यात आधी मांडा.